गुणपत्रिकेत न दिसणारं दुखणं

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातल्या बऱ्याच घरांत मुलांची दिवसभरात जी विचारपूस होते, ती एकाच अंगाने होते. क्लासला गेला होतास का, टेस्ट झाली का, किती पडले, पहिला कोण आला. वडील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला असले तर पहाटेच नगर नाक्याकडे निघतात. रात्रपाळी असली तर मुलं घरात असतात तेव्हा ते झोपेत किंवा कामावर. आई घर, नोकरी, गुरुवारचा बाजार आणि धाकट्याचा अभ्यास यांत गुंतलेली. फौजी कुटुंब असेल तर दर काही वर्षांनी बदली, नवी शाळा, नवे शेजारी. एवढ्या धावपळीत मुलाची खबर घ्यायला हाताशी उरतो तो गुणांचा आकडा. यात माया कमी आहे असं मुळीच नाही. पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरणाऱ्यांची मायाच त्या आकड्यातून बोलत असते. पण किशोरवयातलं नैराश्य ओळखायचं असेल तर या आकड्याच्या भरवशावर राहता येत नाही. तो उशिरा बोलतो आणि कित्येकदा काहीच बोलत नाही. आई-वडिलांकडे त्याहून कितीतरी चांगलं माप असतं, ते म्हणजे हेच मूल तीन महिन्यांपूर्वी कसं होतं याची आठवण. ती डॉक्टरांकडे नसते, शिक्षकांकडे अर्धीमुर्धी असते, आणि मूल स्वतः आजारी असताना तिच्यावर विश्वास ठेवायच्या स्थितीत नसतं. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना पहिल्यांदा हवी असते ती हीच माहिती.

मन उदास होणं वेगळं आणि नैराश्याचा आजार जडणं वेगळं. हा फरक कसा ठरवायचा याची रीत डॉक्टरांनी घालून घेतलेली आहे. जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, सलग किमान दोन आठवडे मन खिन्न असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, या दोहोंपैकी एक तरी गोष्ट असावी लागते. तिच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणं, सतत थकवा, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा एका जागी न बसवणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, यांतली काही लक्षणं धरून एकूण पाच झाली आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलं, तर निदानाचा विचार होतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदानपुस्तिका आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात, तिच्यात मुलांसाठी एक वेगळी नोंद आहे आणि प्रत्येक आई-वडिलांना ती ठाऊक असायला हवी. लहान आणि किशोरवयीन मुलांत खिन्नतेच्या जागी चिडचिड असू शकते. म्हणजे मूल रडणार नाही, कोपऱ्यात बसणार नाही, ते दार आपटेल. भाजी आवडली नाही म्हणून ताट सरकवेल, धाकट्या बहिणीवर हात उगारेल, ‘मला एकट्याला सोडा’ म्हणून ओरडेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यामुळे हा विषय मराठी घरांत थोडा मोकळेपणाने आला. पण त्यातला तरुण मिटून गेलेला आहे, आणि नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे असंच मिटलेलं माणूस येतं. अंगावर धावून येणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराकडे बघून कुणाच्या मनात हा शब्द येत नाही. तिथे उद्धट हा शब्द तयार असतो.

आजार किती पसरलेला आहे याचे आकडे पाहताना घाबरूनही जाऊ नये आणि हात झटकूनही मोकळं होऊ नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं. देशभराचं प्रमाण धरलं तर साठ मुलांच्या वर्गात सरासरीने चार. त्या चौघांना नैराश्यच असेल असं नाही, पण नैराश्य आणि चिंतेचे विकार यांचा त्यात मोठा वाटा असतो. गोव्यात १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलांची पाहणी झाली आणि ती २००८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात विकारांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली आलं. मोजण्याची पद्धत आणि वस्ती बदलली की आकडा असा हलतो, म्हणून कुठल्याही एका आकड्याला चिकटण्यात अर्थ नाही. गोव्याच्या पाहणीतली मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. अभ्यासातली अडचण, मारहाण किंवा शिवीगाळ, असुरक्षित वस्ती, तंबाखू यांच्याशी विकारांचा संबंध दिसला. आणि अडचणीच्या वेळी ज्यांचा पहिला आधार घर होतं, त्या मुलांत विकार कमी आढळले. घर हाच पहिला आधार असणं म्हणजे काय, याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ लावायचा तर प्रश्न तिथेच येऊन थांबतो: मुलाला काय होतंय हे घराला कळतं का?

बऱ्याचदा कळत नाही, आणि त्यासाठी आई-वडिलांना दोषी धरणं चूक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस अ‍ॅकेनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून एक साधी गोष्ट तपासली: मूल स्वतःच्या त्रासाबद्दल जे सांगतं आणि भोवतालची मोठी माणसं जे सांगतात, त्यांचा मेळ किती बसतो? पूर्ण मेळ म्हणजे १ आणि अजिबात मेळ नाही म्हणजे ० असं मानलं तर तो सरासरी ०.२२ निघाला. आई आणि वडील अशा जोडीचा आपसातला मेळ ०.६० होता. हेही दिसलं की मारामारी, खोड्या, आज्ञा न पाळणं अशा बाहेर दिसणाऱ्या वागण्याबद्दल मेळ बरा बसतो. भीती, उदासी, एकटेपणा यांच्याबद्दल तो आणखी घसरतो. याचा अर्थ सरळ आहे. मुलाच्या मनात काय चाललंय हे चेहऱ्यावरून ओळखण्याची आपल्याला जी खात्री असते, ती फसवी आहे. ‘माझ्या पोराचं मला कळत नाही का?’ या वाक्यावर विसंबू नये. मात्र वागण्यातला बदल दिसतो, आणि तो आई-वडील दोघांनी मिळून पाहिला तर अधिक नीट दिसतो. पाळीवर जाणाऱ्या घरात हे फार लागू पडतं. वडिलांना सकाळचं मूल दिसतं, आईला संध्याकाळचं. आठवड्यातून एकदा दोघांनी पंधरा मिनिटं बसून, पैशांच्या हिशेबाइतक्याच गांभीर्याने, ‘तुला तो कसा वाटतोय’ एवढं एकमेकांना विचारलं तर दोन अर्धी चित्रं जुळतात.

दिसलेल्या बदलाला आपण नाव काय देतो, हा पुढचा अडथळा. मुलगा उशिरापर्यंत लोळत असेल तर आळशी, उलट बोलला तर शेफारलेला, पुस्तक उघडून तासभर त्याच पानावर बसला तर लक्ष नसलेला. ही सगळी स्वभावाची नावं आहेत, आणि स्वभावावरचा आपला ठरलेला इलाज म्हणजे शिस्त, बोलणी, एखादी चपराक. आजारी मुलाला शिस्त लावली की त्याला स्वतःबद्दल आधीच जे वाटत असतं, की आपण निकामी आहोत, त्यावर घरच्यांचं शिक्कामोर्तब होतं. मुलींच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते आणि ती मला जास्त घातक वाटते. कालपर्यंत बडबडणारी, भांडून आपला हक्क घेणारी मुलगी अचानक गप्प झाली, खाली मान घालून सांगितलेलं काम करू लागली, मैत्रिणींकडे जाणं तिने सोडलं, तर घरात काळजी वाटण्याऐवजी समाधान वाटतं. मोठी झाली, समज आली, शहाणी झाली, असं कौतुकाने बोललं जातं. तिच्या गप्प होण्याचं कारण शोधायला कुणाला सवडच होत नाही, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो. उद्धट मुलगा निदान नजरेत तरी येतो.

मग पाहायचं काय? सगळ्यांत आधी आवड. थकलेलं मूल अभ्यास टाळतं, तेव्हा खेळायला मात्र धावतं. नैराश्यात खेळही सुटतो. ज्या मुलाने मागच्या वर्षी ढोल-ताशा पथकात जाण्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याला यंदा सरावाचा निरोप आला आणि तो ‘बघू’ म्हणून कूस बदलून झोपला. गल्लीतली पोरं क्रिकेटला हाक मारायला येतात आणि तो आतून आईला खुणेने ‘नाही म्हणून सांग’ म्हणतो. एकदा असं झालं तर त्यात काही नाही. पण हाक मारणारी पोरं हळूहळू यायची बंद होतात आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही, तेव्हा थांबून पाहायला हवं. ज्या गोष्टीत कुणाचा दट्ट्या नव्हता, जी केवळ आनंदासाठी होती, ती सुटणं हे मला गुण घसरण्यापेक्षा कितीतरी बोलकं लक्षण वाटतं, आणि ते बहुधा गुणांच्या आधी दिसतं. त्यानंतर शरीर. आपल्याकडे मनाचं दुखणं पुष्कळदा डोकं, पोट आणि पाठ यांच्या तोंडून बोलतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागतं, डॉक्टरांच्या तपासण्या स्वच्छ येतात, आणि ‘नाटकं करतोय’ असा निकाल लागतो. दुखणं खरं असतं, मूळ मात्र पोटात नसतं. शाळेतून परत आलेला डबा उघडून पाहावा. रोज दोन पोळ्या तशाच येत असतील, आणि विचारल्यावर ‘मित्रांनी दिला, पोट भरलं’ असं ठरलेलं उत्तर येत असेल, तर तो डबा पुष्कळ काही सांगत असतो. काही मुलं उलट भरमसाट खातात. झोपेचंही तसंच, कुणी रात्र रात्र जागतं तर कुणी दहा-बारा तास झोपूनही मरगळलेलंच उठतं. मुलगी सतत दमलेली असेल तर आधी रक्त तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळला आहे. थायरॉइडही पाहावं. आणि ते सगळं ठीक निघालं तर ‘काही झालेलं नाही’ असं म्हणून फाईल बंद करू नये, कारण मनाची तपासणी अजून बाकी असते.

बोलण्याकडेही कान हवा. किशोरवयीन मूल ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत नाही. ‘कंटाळा आलाय’, ‘काय उपयोग’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘माझ्याने नाही होणार’, ‘तुम्हाला माझ्यामुळेच त्रास आहे’ अशी वाक्यं वरचेवर येऊ लागतात. यांतलं शेवटचं वाक्य ऐकून चिडू नये. आपण घराला ओझं झालोय ही भावना या आजारातली सगळ्यांत धोक्याची भावना आहे. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखं वागणं, स्वतःच्या अंगावर जखमा करून घेणं, किंवा बरेच दिवस घालमेलीत असलेलं मूल एकाएकी शांत होणं, असं काही दिसलं तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी, मुलाला एकटं सोडू नये, आणि घरातली औषधं, शेतावरची कीटकनाशकं कुलपात ठेवावीत.

आता पुन्हा गुणांकडे. एकाग्रता बिघडते म्हणून नैराश्यात गुण घसरू शकतात, हे खरं. पण सहामाही परीक्षेत घसरण दिसेपर्यंत आजाराला कित्येक महिने मिळालेले असतात. शिवाय कित्येक मुलं घसरतच नाहीत. ती अपराधी भावनेच्या जोरावर अभ्यास ओढत राहतात, नव्वद टक्क्यांच्या वर राहतात, आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. परीक्षेतलं अपयश हे कारण त्या वर्षी २,२४८ मृत्यूंच्या पुढे लिहिलं गेलं. हे दोन आकडे वेगवेगळ्या तक्त्यांतले आहेत, त्यांचा सरळ भागाकार करता येत नाही, आणि पोलिसांनी लिहिलेलं कारण म्हणजे पूर्ण सत्यही नव्हे. तरीही एवढं लक्षात यायला हरकत नाही की निकालाच्या दिवसापुरती काळजी पुरत नाही. आपली सगळी व्यवस्था मात्र निकालाभोवती उभी आहे. दहावी-बारावीच्या काळात राज्य मंडळ समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं, वर्तमानपत्रं तणावावर लेख छापतात, शाळांत व्याख्यानं होतात. मे-जून सरला की सगळं शांत. हा आजार परीक्षेचं वेळापत्रक पाहून येत नाही. तो ऑगस्टमध्ये येतो, दिवाळीच्या सुट्टीत येतो.

बीड, जालना, परभणीहून अकरावीसाठी या शहरात येऊन खोली करून राहणाऱ्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांना रोज पाहणारं कुणीच नसतं. रात्रीचा फोन असतो, आणि त्यात जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, पैसे पुरतात का, हे तीन प्रश्न. तिन्हींना ‘हो, बरं चाललंय’ हे उत्तर पुरतं. फोनवरून डबा दिसत नाही, अंथरूण दिसत नाही. अशा घरांनी महिन्यातून एकदा तरी खोलीवर जाऊन मुक्काम करावा, खोलीतल्या इतर मुलांशी बोलावं, आणि फोनवर हो-नाहीत न संपणारे प्रश्न विचारावेत: आज कुणाबरोबर जेवलास, रविवारी कुठे गेला होतास, पक्या हल्ली काय म्हणतो. मित्रांची नावं बोलण्यातून गळायला लागली की कळतं. फौजी घरांतल्या मुलांचंही असंच. बदलीनंतर सहा महिन्यांत नव्या शाळेतलं एकही नाव तोंडी आलं नाही, तर मूल रुळलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: वयच तसं आहे. तो पोकळ नाही. या वयात मनाचे चढउतार होतात, मुलं आई-वडिलांपासून थोडी दूर सरकतात, दार लावून बसतात, आणि हे होणं गरजेचंही असतं. झोपेचं तर शास्त्रच वेगळं आहे. वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव रात्री उशिरा सुरू होतो, त्यामुळे मुलांना लवकर झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं ते यामुळेच. (महाराष्ट्र सरकारने २०२४ साली सकाळी नऊनंतर शाळा भरवण्याचा निर्णय घेतला तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी, खरी गरज आठवी-नववीच्या मुलांना अधिक होती.) म्हणजे केवळ उशिरा उठतो किंवा खोलीत बसतो यावरून काहीच ठरवू नये. पण वयाचा चढउतार खाली जातो तसा वरही येतो. आज रुसलेली मुलगी उद्या मैत्रिणीबरोबर खिदळते. घरी तुसडेपणा करणारा मुलगा बाहेर दिलखुलास असतो. आजारात हा उतार संपतच नाही, आणि तो घर, शाळा, मैदान, मित्र अशा सगळीकडे सारखाच पसरतो. किती दिवस चाललंय, कुठे कुठे दिसतंय आणि त्यामुळे काय काय बंद पडलंय, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की वय आणि आजार यांतलं अंतर बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

दुसरं म्हणणं मोबाईलचं. सगळं त्या मोबाईलमुळेच, तो काढून घ्या, पोरगं सुधारेल. रात्री उशिरापर्यंत चालणारा मोबाईल झोप बिघडवतो आणि बिघडलेली झोप मन बिघडवते, यात शंका नाही. पण पुष्कळदा क्रम उलटा असतो. काहीच करावंसं वाटत नाही, कुणाला भेटावंसं वाटत नाही, म्हणून मूल अंगठ्याने पडदा सरकवत पडून राहतं. अशा वेळी फोन हिसकावला तर कारण जात नाही, उलट एखाद्या मित्राशी उरलेला शेवटचा धागा तुटू शकतो. रात्री फोन सगळ्यांनीच, आई-वडिलांनीही, हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे हा नियम करायला हरकत नाही. शिक्षा म्हणून मात्र नको.

तिसरा आक्षेप भीतीपोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मरणाबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल, असं चांगल्या शिकलेल्या पालकांनाही वाटतं. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये २,३४२ विद्यार्थ्यांवर याची नेमकी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दलचे प्रश्न विचारले, अर्ध्यांना विचारले नाहीत. विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही, तसे विचारही वाढले नाहीत. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं त्यांना तर विचारल्यावर काहीसं हलकं वाटल्याचं दिसलं. तेव्हा विचारावं. कसं विचारावं हे महत्त्वाचं. ताटावर, पाहुण्यांसमोर किंवा निकालाच्या दिवशी नको. दुचाकीवरून येताना, गच्चीवर कपडे काढताना, समोरासमोर डोळ्यांत पाहायची सक्ती नसेल अशा वेळी बोलणं सोपं जातं. ‘तुला काय कमी केलंय आम्ही?’ हा प्रश्न नसून आरोप आहे. त्याऐवजी दिसलेलं तेवढं सांगावं: ‘महिनाभर तू मैदानावर गेला नाहीस, डबाही तसाच येतोय. मला काळजी वाटतेय. काय होतंय?’ उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. ‘बरं, आत्ता नको सांगूस, मी परत विचारीन’ म्हणावं, आणि दोन दिवसांनी खरंच विचारावं. मूल बोलू लागलं की मध्ये उपदेश घालू नये. शेवटी सरळ विचारावं, ‘कधी जगणं नकोसं वाटतं का?’ उत्तर हो आलं तर सांगितलंस ते बरं केलंस एवढं म्हणून पुढच्या तयारीला लागावं.

मराठवाड्यातल्या पालकांचा सगळ्यांत खरा आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. अभ्यासाचा रेटा आम्ही हौसेने लावत नाही. पावसाच्या भरवशावरची शेती, कंत्राटी नोकरी, आणि बाहेर पडायची एकच वाट, शिक्षण. ती सुटली तर मुलाचं पुढे काय? या प्रश्नाला गुण महत्त्वाचे नाहीत असं गुळगुळीत उत्तर देणं हा त्या माणसाच्या कष्टांचा अपमान आहे. गुण महत्त्वाचे आहेतच. म्हणूनच उपचार हवेत, कारण हा आजार नेमका लक्ष, आठवण आणि चिकाटी यांवर घाव घालतो. दुसऱ्या क्लासची फी भरून तो बरा होत नाही. जाणकार डॉक्टरांचे उपचार घेतले तर बहुतेक मुलांना बरंच बरं वाटतं. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. बारा आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटीन हे औषध आणि विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी ७१ टक्के मुलं बरीच सुधारली होती, नुसत्या औषधावर सुमारे ६१ टक्के, नुसत्या समुपदेशनावर ४३, आणि नुसत्या दिखाऊ गोळीवर ३५. या औषधांनी सवय लागते ही समजूत पक्की बसलेली आहे, पण ती झोपेच्या गोळ्यांसारखी व्यसन लावणारी नाहीत. बंद करताना मात्र डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी लागतात. एक धोका खरा आहे आणि तो लपवू नये: २००४ साली अमेरिकी औषध प्रशासनाने चाचण्या पडताळल्या तेव्हा औषध घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४ टक्के मुलांत, तर दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन आढळलं होतं. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. यातून घ्यायचं ते एवढंच की पहिल्या काही आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष ठेवावं आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.

मुलीला मनाच्या डॉक्टरकडे नेलं तर सोयरीक जमणार नाही ही भीती अनेक घरांना मागे खेचते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरून तिला शिक्षेपासून दूर ठेवलं आहे. बाहेरचं काही आहे असं वाटून कुणी आधी देवाच्या दारी, दर्ग्यात जात असेल तर जाऊ द्यावं, श्रद्धेशी भांडायची ही वेळ नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठावा, एवढा आग्रह धरावा.

जायचं कुठे, याची सोय छावणीपासून फार लांब नाही. घाटी या सरकारी रुग्णालयात मनोविकारशास्त्राचा विभाग आहे. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती चालते, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. तिथे मूल स्वतः फोन करू शकतं तसे आई-वडीलही, ‘मी काय करू’ एवढंच विचारायला. शाळांची बाजू मात्र लंगडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं म्हटलं आहे, आणि कोचिंग क्लासेसही त्या निर्देशांत येतात. पालकसभेत गणवेश आणि सहलीवर तासभर चर्चा होते. आपल्या शाळेत समुपदेशक कोण, तो आठवड्यातून किती वेळ असतो, हा प्रश्न तिथे विचारायला हवा. ‘आमचे वर्गशिक्षकच ते काम बघतात’ हे उत्तर मान्य करू नये. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच काम काही शाळांत खास नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी केलं आणि काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांचं नैराश्य घटलं, शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असं नव्हे. जो माणूस गुण देतो, त्याच्यापुढे मन मोकळं करणं मुलाला जड जातं, असं मला वाटतं, आणि घरातही आपण याच अडचणीत असतो.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना शक्यतो दोघांनीही जावं, आणि जाण्याआधी एका कागदावर लिहून न्यावं: झोप कधीपासून बदलली, जेवण कधीपासून, कोणती आवड कधी सुटली, कोणता मित्र यायचा बंद झाला, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. नंतर थोडा वेळ मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावं आणि बाहेर आल्यावर काय बोललास म्हणून खोदून विचारू नये. औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नये. बरं वाटल्यावरही उपचार बहुधा सहा महिने ते वर्षभर सुरू ठेवावे लागतात, आणि नेमका याच टप्प्यावर घरात शब्द निघतो की आता ठीक आहे, पूर्वपरीक्षा तोंडावर आली, एवढी एक तारीख राहू द्या. ती तारीख पाळावी. एकदा हा आजार झालेल्या मुलाला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि दुसऱ्या वेळी तो ओळखायला मागच्या वेळचा तो कागद उपयोगी पडतो. तो फाईलमध्ये, गुणपत्रिकांच्या शेजारी, जपून ठेवावा.